हुलग्याला आलेले मोड

दिवस कलायला लागला की मंगळवार पेठेतल्या त्या दुमजली घरात दोन फोडण्या पडत. एक खाली, अंजनाच्या ओट्यावर. दुसरी वर, भाडेकरणीच्या खोलीत. खालची आधी पडे, कारण खालच्या घरात दिवस मावळायच्या आत ताटं उचलली जात. वरची मागून पडे, पण तिचा वास आधी पोचे. तो जिना उतरायचा, पायरीपायरीनं, पैंजण घातल्यासारखा. आणि थेट आण्णांच्या खुर्चीशी जाऊन बसायचा. लाडक्या नातवानं बसावं तसा.

अंजनाला वाटे, दार लावून घ्यावं. पण वासाला कडी कुठली घालायची?

अंजना स्वयंपाकात कच्ची होती असं कुणी म्हणू नये. जैनाच्या घरची सून, त्यात चातुर्मास. पालेभाजी बंद, कांदा-लसूण बंद, जमिनीखालचं काही म्हणजे काही नाही. मग उरतं काय? डाळी आणि कडधान्यं. मूग, मटकी, चवळी, मसूर, वाटाणा. मूठभर दाण्यात घर जेवतं, आणि रोज नवं वाटलं पाहिजे ही बाईची करामत. अंजना हिंगावर मूग तारून न्यायची, तिळाच्या कुटात चवळी घोळायची, कोकमाच्या आंबटावर मसूर असा जमवायची की तिचा नवरा वर्धमान दुकानातनं फोन करायचा, "मसूर हाय व्हय आज? मग लवकर येतो."

एक पथ्य मात्र कडक. मोड आणायचे नाहीत. दाण्याला अंकुर फुटला की आतला जीव जागा झाला. तो शिजवून खायचा नाही, हा तिच्या सासऱ्यांचा, आण्णांचा, नेम. दाणा भिजावा, फुगावा, पण जागा होऊ नये, एवढ्या बेतानं उपसायचा. निजलेलं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घ्यावं तसं. अंजनाला ते साधलं होतं. वीसेक वर्षांत तिच्या हातून एक दाणा जागा झाला नव्हता.

आणि वीसेक वर्षांत आण्णांनी तिच्या हातचं काही मागून घेतलं नव्हतं.

ते जेवायचे. खाली मान, मोजके घास. "मीठ बरं हाय का आण्णा?" "बरं हाय." "अजून वाढू?" "नको." बास. सासूबाई होत्या तेव्हा हेच आण्णा ताटावरून भांडायचे. "ही आमटी हाय का पंचगंगेचं पाणी?" म्हणायचे, आणि सासूबाई "मग पोहा की त्यात!" म्हणून आणखी ओतायच्या, आणि ते दोन वाट्या प्यायचे. अंजनाच्या वाट्याला ते भांडणसुद्धा आलं नाही. तिच्या ताटाशी आण्णा पावण्यासारखे बसायचे. सासूबाई गेल्यावर तर ताटात निम्मं राहायला लागलं.

अशात वर विद्याश्री आली.

लिंगायताची पोर, माहेर निपाणीच्या पलीकडचं. नवरा महांतेश शिरोलीच्या फाउंड्रीत. पगार बेताचा, म्हणून रोज तिच्या चुलीवर कडधान्यच. श्रावणातल्या एका सोमवारी वास खाली उतरला तसे आण्णा खुर्चीतून उठून जिन्याच्या तोंडाशी गेले.

"कोण हाय गं वर? हुरळी शिजवाय लागलीयास न्हवं?"

हुरळी म्हणजे हुलगा. आण्णांची आई, त्यांची अव्वा, हुक्केरीकडची; ती गेली तरी तिचा कन्नड शब्द आण्णांच्या तोंडात राहिला होता.

"व्हय अज्जा!" वरून आवाज आला. "सारू केलंय. देऊ वाटीभर?"

"कांदा-लसूण?"

"आज सोमवार न्हवं का अज्जा? न्हाय घातलं."

"पाणी गाळून घेतलंस?"

"तुमच्या घरात भाड्यानं ऱ्हातोय, एवढं बी शिकणार न्हाय व्हय?"

आली वाटी घेऊन. हसरी, उंच, केस पुढं आलेले. अंजनानं पाहिलं, काळपट तपकिरी रस्सा, वर लाल तवंग. मनात म्हणाली, हुलगा! बैलाला शिजवून घालत्यात ते. मनात म्हणाली असं तिला वाटलं. पण तोंडातून निसटलं असावं, कारण विद्याश्रीचं हसू जरा ओठातच थांबलं.

आण्णांनी भाकरी कुस्करली. एक घास घेतला. दुसरा घेतला. मग वाटी उचलून तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

"अव्वा," एवढंच म्हणाले.

मग म्हणाले, "हाय का गं अजून?"

अंजनाच्या हातातला पळा हातातच राहिला.

कुरुंदवाडला तिची आई जात्यावर बसली की ओव्यांत सगळं सांगून मोकळी व्हायची. जे माणसांत बोलायचं नाही ते जात्याला सांगायचं. त्या रात्रीची भांडी घासताना अंजनाच्या ओठावर आपोआप एक ओवी आली, कुणाची कोण जाणे, कदाचित तिचीच.

शेजीच्या गं घरी
फोडणी चरचरली
माझ्या गं काळजात
मोहरी तडतडली

तेव्हापासून ती मोहरी तडतडतच राहिली. विद्याश्री आता आण्णांसाठी रोजच कांदा-लसणाआधीची वाटी बाजूला काढायची, दिवस असताना खाली आणायची. कधी हुलगा, कधी पावटा, कधी नुसता डाळीचा कट. आण्णा तिच्याशी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायचे आणि हसायचे. आणि अंजना आपल्या ओट्यावर उभी राहून तिचं कसं होतं ते वासानं उलगडायला बघायची. खोबरं भाजलंय, ते कळतं. धणे. तीळ. मग त्या वासाच्या तळाशी आहे ते काय? तिनंही गुपचूप हुलगा आणला, केला. वर्धमान म्हणाला, "चांगला झालाय की." आण्णा म्हणाले, "बरं हाय." आणि वरून वाटी आल्यावर ती पुसून खाल्ली.

"आण्णा दोन भाकऱ्या खाल्ले बघ," वर्धमान आनंदानं म्हणाला. "आई गेल्यापासनं पहिल्यांदा."

"खाऊ देत की," अंजना म्हणाली. तवा तिनं जरा जोरातच आपटला.

एवढ्यावर राहिलं असतं तर राहिलं असतं. पण आण्णांची बहीण धोंडुबाई रविवारी यायची ठरली, लेकीसुनांना घेऊन. आणि आण्णांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "धोंडूला अव्वाची हुरळी चारायची. विद्याच्या हातची."

"धोंडुबाई वरचं खातील व्हय?" अंजना म्हणाली. "त्या किती कडक."

"वर कशाला? तुझ्या ओट्यावर करंल की ती. तुझं पाणी, तुझी भांडी. हात तेवढा तिचा."

हात तेवढा तिचा. म्हणजे बाकी सगळी अंजना, आणि चव तेवढी परकी! वीसेक वर्षं या ओट्यावर धोंडुबाईंना जेवू घातलं ते कुणी? आता त्यांच्या लेकीसुनांसमोर ताट वाढायचं आणि सांगायचं, की हे माझं नव्हे?

शनिवारी सकाळी विद्याश्री हुलगा घेऊन खाली आली. निवडलेला, धुतलेला. अंजनाच्या मोठ्या पातेल्यात गाळलेलं पाणी घेऊन तिनं तो भिजत घातला.

"दगडासारखा असतोय ओ, दिवसभर तरी पाहिजे," ती म्हणाली. "काकू, मी आणि हे सासूला बघायला चाललोय, यायला उशीर होईल. तेवढं सांजंला उपसून फ्रिजात ठेवशीला? भाईर राहिला तर मोड येतील, मग अज्जास्नी चालायचा न्हाय."

"ठेवते की. जा तू."

आणि ठेवणारच होती. हे खरं. साडेपाचला जेवणं झाली, ओटा पुसला, तिनं हुलगा उपसला. दाणे फुगून टपोरे झाले होते, ओलेते, तांबूस. फ्रिजचं दार उघडून एका हातात डबा घेऊन ती उभी राहिली. आत जागा होती. खालच्या कप्प्यात चांगली ऐसपैस जागा होती.

पुढच्या खोलीत आण्णा वर्धमानला सांगत होते, "धोंडूच्या डोळ्यात पाणी येईल बघ. विद्याच्या हाताला अव्वाची चव हाय."

अंजनानं फ्रिजचं दार लावलं. ट्रंकेतून सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं काढलं, त्याचा फडका फाडला. हुलगा त्यात घट्ट बांधला. पुरचुंडी डब्यात, डबा घोंगडीत, घोंगडी तांदळाच्या पिंपामागं, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं पावसाळ्यातही ऊब धरून राहते. एखाद्या घरी कुणी हे केलं असतं तर त्या घरची बाई म्हणाली असती, किती गं गुणाची तू, माझ्यासाठी मोड आणून ठेवलेस! दुसऱ्या कुठल्या घरात हा अपराध झालाच नसता. पण हे घर ते नव्हतं, आणि अंजनाला ते पुरेपूर ठाऊक होतं.

पाणी गं पिऊन
दाणा फुगला फुगला
माझ्या मनीचा गं राग
कुणाला न्हाई दिसला

तिनं दुसऱ्या भांड्यात मुगाची डाळ काढून ठेवली. ऐन वेळी लागली तर असावी म्हणून. ऐन वेळी लागणारच होती.

सकाळी तिनं पुरचुंडी सोडली. इतके सुंदर मोड! पांढरे, तुकतुकीत, नखाएवढे. दाण्यादाण्याला एक. तिनं जन्मात कधी मोड आणले नव्हते, आणि पहिल्याच खेपेला असे आले होते की जणू सगळी पोरं एकदम झोपेतून उठून तिच्याकडं बघत होती. फडक्याच्या विणीतून काही बाहेर आले होते. ते तिनं जपून तोडले. मग तिनं सगळं डब्यात ओतलं, फडका लपवला, डबा ओट्यावर ठेवला.

विद्याश्री पदर खोचूनच उतरली. मसाला वरून भाजून आणला होता. डब्याचं झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"फ्रिजात जागाच न्हवती गं," अंजना म्हणाली. आपला आवाज तिला जास्तच गोड लागला. "दूध, दही, पावण्यांचं काय काय. म्हटलं, पावसाचा गारठाच हाय, ओट्यावर काय होतंय. तर हे असं."

विद्याश्रीनं एक दाणा उचलला. बोटांत फिरवून पाहिला. मग दुसरा. मग तिनं अंजनाकडं पाहिलं, फार वेळ नाही, पण पुरेसा.

आण्णा काठी टेकत आले. "झालं का गं सुरू?"

"अज्जा," विद्याश्री म्हणाली, "माझंच चुकलं. फार लवकर भिजत घातला. मोड आलं."

आण्णा डब्यात वाकून बघत राहिले. "असू दे," म्हणाले. "असू दे, लेकरा." आणि परत जाऊन खुर्चीत बसले.

"हे वर घेऊन जाते," विद्याश्री म्हणाली. "आमाला चालतंय."

धोंडुबाई आल्या, जय जिनेंद्र झालं, पानं मांडली. अंजनानं मुगाच्या आमटीत आपला जीव ओतला होता. हिंगाची फोडणी, जिरं, मिरी, वर आमसूल. धोंडुबाई वाटी रिकामी करून म्हणाल्या, "अंजना, झ्याक झालीया गं! हिच्या हाताची सर न्हाय बघा कुणाला." लेकीसुनांनी माना डोलावल्या. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. अंजना वाढत राहिली आणि वाट बघत राहिली, की आता छातीत गार वाटेल.

"पण अव्वाची हुरळी चारतो म्हनला होतास न्हवं रं?" धोंडुबाईंनी भावाला विचारलं.

"मोड आलं," आण्णा म्हणाले, आणि भाताचा एक घास इकडून तिकडं सारला.

सोमवारी वरून वाटी आली नाही. मंगळवारीही नाही. वास मात्र येत राहिला, नेमानं, जिना उतरून. आण्णा त्या वासाकडं कान लावल्यासारखे बसायचे. मग अंजनानं वाढलेलं ताट, "बरं हाय," आणि निम्मं मागं. मागणं नाही, तक्रार नाही. विद्याश्री भेटली तर "काय काकू, बरं हाय न्हवं?" म्हणून पुढं जायची. बोलणं तोडलं नव्हतं, नुसतं गाळून घेतलं होतं.

वर्धमान म्हणाला, "त्या पोरीला काय झालं गं? आण्णांचा सदरा ढिला पडाय लागलाय."

अंजनानं सदरा पाहिला. खांद्यावरून उतरला होता. आता तिला हवं तसं झालं होतं. घरात तिच्याच हातचं शिजत होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. आणि तिच्याच हातचं उरत होतं.

एका दुपारी ती जिना चढली. एवढ्या दिवसांत वर ती पहिल्यांदाच गेली. खोली लहान, पण लख्ख. विद्याश्री पाटावर बसून खोबरं किसत होती. उठली नाही.

"या काकू. बसा."

"हुलगा हाय का गं घरात?"

"हाय की. उसळ हाय सकाळची. तुमी आणलेलं मोड संपलं, मग मी परत आणलं. पण तुमच्यासारखं न्हाय आलं." तिनं किसणी खाली ठेवली. "तुमचं लई सरळ आलं होतं. फडक्यात घट्ट बांधून उबंला ठेवल्याबिगर तसं येत न्हाय. ओट्यावर तर न्हायच न्हाय."

खाली रस्त्यावर भंगारवाल्याची हाळी गेली.

"मोड मला कळत्यात ओ," विद्याश्री म्हणाली. "आमच्यात पोरीला बोलाय यायच्या आधी मोड बांधाय शिकवत्यात."

"मग आण्णांस्नी का न्हाय सांगितलंस?"

"कशाला सांगू? म्हाताऱ्या माणसाला सून लागती. आमटीबिगर चालतंय."

अंजनाला वाटलं होतं, ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती जमिनीवर बसली, दाराला टेकून.

"मला जळलं गं," ती म्हणाली. "तुझ्याकडं मागून खात्यात. माझ्याकडं एकदा न्हाय मागितलं. एकदा सुदीक न्हाय. शिव्या तरी द्याव्यात माणसानं!"

विद्याश्रीनं किसलेलं खोबरं गोळा केलं. "माझ्याकडं मागत्यात ते काय माझ्यासाठी व्हय?" ती म्हणाली. "वाटी घेत्यात आणि आईचं सांगत बसत्यात. माझं नाव बी कवा कवा चुकत्यात."

"तरी मागत्यात," अंजना म्हणाली.

"तरी मागत्यात," विद्याश्रीनं मान्य केलं, आणि दोघींनाही हसू आलं, थोडं कडवट, मसाला जरा जास्त भाजल्यासारखं.

"शिकीव मला."

"शिकवते. पण परत बैलाचं खाणं म्हणायचं न्हाय. ऐकलंय मी ते."

तिनं हातचं राखलं नाही. हुलगा शिजवून त्याचं पाणी निथळून घ्यायचं, ते टाकायचं नाही, तेच सारू. मूठभर शिजलेला हुलगा मसाल्याबरोबर वाटायचा, म्हणजे अंगात दाटपणा येतो, खोबरं कमी लागतं, आणि गरिबाचं भागतं. खोबरं, धणे, तीळ वेगवेगळे भाजायचे. आणि अंजनाला जे वासानं कधी उलगडलं नव्हतं ते होते चार मेथीदाणे, तेलात तांबडे केलेले. "करपू देऊ नका," विद्याश्री म्हणाली, "न्हायतर कडू होतंय सगळं." शेवटी चिंच, नखभर गूळ, आणि हिंग-मोहरीची फोडणी वरून.

दुसऱ्या दिवशी अंजनानं हुलगा भिजत घातला. मावळतीला उपसून फ्रिजात ठेवला, तिसऱ्या दिवशी सकाळी दाणा दाणा बघून घेतला. एकालाही अंकुर नव्हता. संध्याकाळी विद्याश्रीनं शिकवलं तसंच केलं, दिवस असतानाच आण्णांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि नेहमीसारखं ओट्याशी न जाता तिथंच उभी राहिली.

आण्णांनी वास घेतला. जिन्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"विद्यानं दिलं?"

"मी केलंय."

त्यांनी भाकरी कुस्करली, वर ओतलं, घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"चिंच जास्त झालीया," ते म्हणाले.

अंजनानं पदराला हात पुसले.

"आणि दाट बी लई झालंय. विद्याचं असं होत न्हाय."

मोहरी तडतडली, अगदी जोरात, पार डोक्यापर्यंत. एवढी वर्षं जे तोंडात धरून ठेवलं होतं ते सुटलं. "मग जावा की वर जेवायला! कोण अडवलंय? उद्यापास्नं ताट वरच लावायला सांगते!"

आतल्या खोलीत वर्धमानच्या हातातला पेपर थांबला.

आण्णांनी तिच्याकडं बघितलं, नीट, जणू या घरात ती आत्ताच दिसली. मिशीचं टोक हललं.

"जिना चढवत न्हाय मला," ते म्हणाले, आणि वाटी पुढं केली. "घाल. उद्या चिंच कमी टाक."

तिनं वाटी काठोकाठ भरली, इतकी की सारू ताटात सांडलं. वरून फोडणीचा वास उतरायला लागला होता. तिनं नाक वळवलं आणि हुंगलं; आज विद्याश्रीनं मेथी जरा जास्तच तांबडी केलीय, असं तिला वाटलं, आणि बरं वाटलं.